वाचक विचारतात : इंग्रजीत क्रियापद कोणाचं ऐकतं?

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं इंग्रजीतल्या ‘इज-आर’ आणि ‘हॅज-हॅव’बद्दल आहेत. वडोदऱ्यात ते साहजिकच आहे. घरात मराठी, बाजारात गुजराती, महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेलं की अभ्यास इंग्रजीतून. आणि सोसायटीची नोटीससुद्धा सगळ्यांना कळावी म्हणून इंग्रजीत लागते. त्यातले निवडक प्रश्न पुढे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. ‘माय ग्रँडफादर आर रीडिंग द पेपर’ असं लिहितो. चूक दाखवली तर म्हणतो, ‘आजोबांना ‘इज’ कसं म्हणायचं? बरं दिसत नाही.’ त्याला काय सांगू? — एक आई, मांजलपूर

उत्तर : त्याची शंका रास्त आहे, आणि आधी त्याला तसं सांगा. तो मराठीचा नियम मनापासून पाळतो आहे. ‘आजोबा वाचताहेत’, ‘सर आले’, ‘बाई रागावल्या’ : माणूस एक, पण क्रियापद अनेकवचनी. गुजरातीतही ‘दादा आव्या’ हे तसंच. त्याची वही चाळून बघा. आजीबद्दल ‘ग्रँडमदर इज’ असं बरोबर लिहिलेलं सापडण्याची शक्यता आहे, कारण घरात आपण ‘आजी आली’ म्हणतो. चूक आजोबा, बाबा, काका आणि सर यांच्याच वाक्यांत होत असेल, तर कारण बहुधा हेच.

इंग्रजीत क्रियापदाला आदर दाखवता येत नाही. आदर जातो ‘सर’, ‘मॅडम’, ‘मिस्टर’मध्ये किंवा ‘वुड यू प्लीज’सारख्या विनंतीत. क्रियापद फक्त डोकी मोजतं. राजा असला तरी ‘द किंग इज’, पंतप्रधान असले तरी ‘द प्राइम मिनिस्टर हॅज’. ‘सयाजीराव १८६३ साली जन्मले’ हे इंग्रजीत ‘सयाजीराव वॉज बॉर्न इन १८६३’ असंच लिहायचं. ‘वेअर’ लिहिलं तर सयाजीराव दोन होते असा अर्थ होईल.

मुलगा हुशार असेल तर विचारेल, मग एकाच माणसाला ‘यू आर’ का? इथे मात्र त्याचा तर्क खरा ठरतो. ‘यू’ मुळात अनेकवचनी. एकट्याला जुनी इंग्रजी ‘दाऊ आर्ट’ म्हणायची. पुढे आदरासाठी एकट्यालाही ‘यू’ म्हणू लागले आणि क्रियापद अनेकवचनीच राहिलं, आपल्या ‘तुम्ही आहात’सारखं. पण ही सोय ‘यू’पुरतीच. सरावासाठी त्याला दहा वाक्यं द्या आणि प्रत्येकात माणसाचं नाव खोडून वर ‘ही’, ‘शी’ किंवा ‘दे’ लिहायला लावा. ‘ही आर’ त्याचा कानच नाकारेल.

प्रश्न : माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं ‘सीता हॅव रिटन थ्री लेटर्स’ आणि ‘माय अंकल हॅव टू कार्स’ असं वारंवार लिहितात. ‘हॅज’चा नियम सगळ्यांना पाठ आहे. तरी चूक का होते? — एक शिक्षिका, गोत्री

उत्तर : कारण नियम कर्त्याचा पाठ आहे आणि कान कर्माकडे लागलेला आहे. ‘सीतेने पत्र लिहिलं’, ‘सीतेने तीन पत्रं लिहिली’, ‘सीतेने चिठ्ठी लिहिली’. तिन्ही वाक्यांत सीता तीच, क्रियापद मात्र पत्राच्या नाहीतर चिठ्ठीच्या मागे गेलं. हा कर्मणी प्रयोग. भूतकाळात गुजरातीही असंच वागते, त्यामुळे तिकडूनही सवय पक्की होते. मनात ‘तीन पत्रं लिहिली’ हे अनेकवचन तयार असतं, तेच हाताने ‘हॅव’ होऊन उतरतं.

काकांच्या वाक्यात तर दोन मोह एकत्र आले आहेत. ‘काकांकडे दोन गाड्या आहेत’ या वाक्यात ‘आहेत’ गाड्यांसाठी आहे, आणि शिवाय काका म्हणजे आदरार्थी बहुवचन. मूल ‘हॅव’ न लिहील तरच नवल.

नियम पुन्हा म्हणून घेण्याचा इथे उपयोग नाही. फळ्यावर एकच कर्ता ठेवा आणि कर्म बदलत जा : ‘सीता हॅज रिटन वन लेटर’, ‘सीता हॅज रिटन थ्री लेटर्स’, ‘सीता हॅज रिटन नथिंग’. क्रियापद जागचं हलत नाही हे मुलांना डोळ्यांनी दिसू द्या. मग कर्म तेच ठेवून कर्ता बदला : ‘सीता अँड गीता हॅव रिटन’, ‘द गर्ल्स हॅव रिटन’. आता क्रियापद बदललं. दोन्ही भाग एकाच तासाला घ्या. एकच घेतला तर मुलं ‘हॅज’ सगळीकडे चिकटवू लागतात.

प्रश्न : सोसायटीच्या नोटिशीत ‘द लिस्ट ऑफ डिफॉल्टर्स आर ऑन द नोटीस बोर्ड’ असं लिहिलं. एका सभासदाने ‘आर’ खोडून लाल पेनाने ‘इज’ केलं. यादीत पंधरा नावं आहेत, मग ‘इज’ कसं? — सोसायटीचे सचिव, कारेलीबाग

उत्तर : सभासद बरोबर आहेत. बोर्डावर यादी लागली आहे, थकबाकीदार नाहीत. नावं पंधरा असोत की पन्नास, यादी एकच.

ही चूक मात्र चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्याही हातून होते, आणि त्याचं कारण शब्दांच्या क्रमात आहे. मराठीत म्हणतो, ‘थकबाकीदारांची यादी बोर्डावर लावली आहे.’ ‘थकबाकीदारांची’ हे आधी संपतं, मुख्य शब्द ‘यादी’ त्याच्या पुढे, क्रियापदाच्या बाजूला येतो. इंग्रजीत उलट. ‘लिस्ट’ आधी येऊन जातो, मग ‘ऑफ डिफॉल्टर्स’ मध्ये शिरतं, आणि क्रियापदाला चिकटून उभा असतो तो भलताच शब्द. शब्द जितके जास्त मध्ये येतील तितका खरा कर्ता मागे पडतो आणि हात शेजारच्या शब्दाचं ऐकतो.

म्हणून नोटीस टाइप करण्याआधी कच्च्या कागदावर एवढं करा. आधी क्रियापद शोधा आणि त्याला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारा. मग कर्त्यानंतर ‘ऑफ’, ‘इन’, ‘फॉर’, ‘टू’, ‘विथ’, ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’, ‘इन्क्लुडिंग’ यांपैकी काही आलं असेल तर तिथपासून क्रियापदापर्यंतचे शब्द पेन्सिलीने कंसात टाका. उरलेल्या शब्दाच्या जागी ‘इट’ किंवा ‘दे’ घालून वाक्य मोठ्याने वाचा. ‘द कीज टू द टेरेस आर विथ द वॉचमन’ : कंसात ‘टू द टेरेस’, उरल्या ‘कीज’, म्हणजे ‘दे’, म्हणून ‘आर’. ‘वन ऑफ द लिफ्ट्स इज आउट ऑफ ऑर्डर’ : उरला ‘वन’. ‘द मेंटेनन्स चार्जेस फॉर ईच फ्लॅट हॅव बीन रिव्हाइज्ड’ : उरले ‘चार्जेस’.

‘द चेअरमन, अलाँग विथ टू मेंबर्स, इज मीटिंग द काँट्रॅक्टर’ हे वाक्य बऱ्याच जणांना खटकतं, कारण माणसं तीन जाणार आहेत. पण ‘अलाँग विथ’ने जोडलेला माणूस कर्त्यात मोजला जात नाही; ‘अँड’ने जोडलेला जातो. तिघांना सारखं महत्त्व द्यायचं असेल तर सरळ ‘द चेअरमन अँड टू मेंबर्स आर मीटिंग’ लिहा. नोटिशीसाठी आम्ही हेच सुचवू, म्हणजे कोणी लाल पेन काढणार नाही.

आता अपवाद, कारण तुमच्या नोटिशीत ते हमखास येतील. ‘हाफ’, ‘टू-थर्ड्स’, ‘सम’, ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘अ लॉट’ यांच्यानंतरचं ‘ऑफ’ कंसात टाकायचं नाही. तिथे पुढचाच शब्द बघायचा, कारण अर्धं म्हणजे कशाचं अर्धं हे कळल्याशिवाय मोजता येत नाही. ‘टू-थर्ड्स ऑफ द मेंबर्स हॅव पेड’, पण ‘टू-थर्ड्स ऑफ द वॉटरप्रूफिंग इज कम्प्लीट’. आणि ‘नंबर’पाशी थांबून आधी बघा : ‘द नंबर ऑफ डिफॉल्टर्स हॅज गॉन अप’, कारण वाढली ती संख्या, ‘अ नंबर ऑफ मेंबर्स हॅव कम्प्लेंड’, कारण तक्रार माणसांनी केली. ‘द’ आणि ‘अ’ एवढाच फरक, पण क्रियापद बदलतं.

प्रश्न : मकरपुऱ्यातल्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. ‘द गुड्स हॅज बीन डिस्पॅच्ड’ लिहिलं की साहेब ‘हॅव’ करतात, आणि ‘टेन टन्स हॅव बीन लोडेड’ लिहिलं की ‘हॅज’ करतात. नेमकं उलटं का? — एक वाचक

उत्तर : ‘माल गेला’ हे मराठीत एकवचन, म्हणून ‘हॅज’ सुचतं. पण इंग्रजीत ‘गुड्स’ कायम अनेकवचनी : ‘द गुड्स हॅव’, ‘द गुड्स आर’. याउलट ‘मशिनरी’, ‘इक्विपमेंट’ आणि ‘स्क्रॅप’ मोजता येत नाहीत असं इंग्रजी धरते, म्हणून कितीही ढीग असला तरी ‘इज’. ‘इक्विपमेंट्स आर’ हे कारखान्यांच्या पत्रांत सर्रास दिसतं. शेवटचा ‘एस’ आणि ‘आर’ दोन्ही काढा. हत्यारांमध्ये दोन पात्यांची वस्तू अनेकवचनी होते. पक्कड एक, पण ‘द प्लायर्स आर मिसिंग’. कात्री एक, पण ‘द सिझर्स आर’. ‘अ पेअर ऑफ प्लायर्स’ लिहिलं तर मात्र ‘इज’, कारण आता मोजली ती जोडी.

टनांचं कारण वेगळं. वजन, अंतर, पैसे आणि मुदत यांचा आकडा एक गठ्ठा धरतात : ‘टेन टन्स इज द लिमिट फॉर धिस ट्रक’, ‘फिफ्टी थाउजंड रुपीज इज ड्यू’, ‘थ्री डेज इज नॉट इनफ’. सुटे नग मोजलेत की अनेकवचन परत : ‘टेन कॉइल्स हॅव बीन लोडेड’. साहेबांच्या दोन्ही दुरुस्त्या योग्य आहेत.

क्वालिटीच्या रिपोर्टसाठी एक जास्तीची गोष्ट. ‘आयदर… ऑर’ आणि ‘नायदर… नॉर’मध्ये क्रियापद जवळच्या शब्दाप्रमाणे चालतं : ‘नायदर द शाफ्ट नॉर द सील्स आर डॅमेज्ड’. शब्द उलटे लावले तर ‘नायदर द सील्स नॉर द शाफ्ट इज’ हेही शुद्ध, पण वाचताना अडखळायला होतं. अनेकवचनी शब्द शेवटी ठेवा.

प्रश्न : पाककृती इंग्रजीत लिहिते. ‘पोहे आर रेडी’ की ‘इज रेडी’? आणि ‘श्रीखंड अँड पुरी’ला काय? — निजामपुरा

उत्तर : इंग्रजीत ‘पोहा इज रेडी’. पोहे, पैसे आणि केस हे आपल्याकडे अनेकवचनी शब्द. इंग्रजीत मात्र ‘मनी इज’, ‘हेअर इज’. ‘न्यूज’ला शेवटी ‘एस’ दिसत असला तरी ‘इज’च. उलट चष्मा आणि पायजमा आपल्याकडे एक, तिकडे ‘ग्लासेस आर’, ‘पजामाज आर’.

‘श्रीखंड अँड पुरी इज अ फेस्टिव्ह मील’ बरोबर, कारण ताटातला तो एक बेत आहे. पण ‘श्रीखंड अँड पुरी आर प्रिपेअर्ड सेपरेटली’, कारण आता त्या दोन वस्तू झाल्या.

प्रश्न : इंग्रजी समालोचक ‘इंडिया आर बॅटिंग’ म्हणतात. हे चूक नाही का? — रावपुरा

उत्तर : नाही. ब्रिटिश पद्धतीत संघ म्हणजे खेळाडू, म्हणून ‘आर’. अमेरिकन पद्धतीत संघ म्हणजे एक संस्था, म्हणून ‘इज’. एका लेखात एकच पद्धत ठेवा. परीक्षेत मात्र मंडळ किंवा समिती एकमताने काही करत असेल तर एकवचन धरा : ‘द कमिटी हॅज डिसायडेड’. सभासदांत दुमत असेल तर ‘द कमिटी आर डिव्हायडेड’ चालतं. ‘पोलीस’ला दोन्ही पद्धतींत अनेकवचनच : ‘द पोलीस हॅव कम’, एकच हवालदार आला असला तरी. बडोद्याच्या संघाने २०००-०१ साली रणजी करंडक जिंकला, तिथे हा वाद उद्भवत नाही, कारण साध्या भूतकाळात ‘वॉज-वेअर’ वगळता क्रियापद एकच असतं : ‘बडोदा वन’.

प्रश्न : धाकटी बहीण ‘ही डझन्ट गोज’ लिहिते. तिला सोप्यात सोपं कसं सांगू? — विद्यार्थिनी, फतेहगंज

उत्तर : ‘ही गोज’ या वाक्यातली खूण म्हणजे शेवटचा ‘एस’चा उच्चार. ‘डझ’ वाक्यात आलं की ती खूण ते स्वतःकडे घेतं, मागे उरतं नुसतं ‘गो’ : ‘ही डझन्ट गो’, ‘डझ ही गो?’ खूण वाक्यात एकदाच. ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ तर ती खूण घेतही नाहीत आणि पुढच्याला देतही नाहीत : ‘ही कॅन गो’.

ती ‘द बॉइज प्लेज’ असंही लिहीत असेल तर आणखी एक सांगा. नेहमीच्या नामांच्या बाबतीत वर्तमानकाळात ‘एस’ कर्त्याला तरी लागतो, नाहीतर क्रियापदाला : ‘द बॉय प्लेज’, ‘द बॉइज प्ले’. दोन्हीकडे दिसला किंवा दोन्हीकडून गेला की वाक्य पुन्हा बघायचं. ‘चिल्ड्रन’, ‘मेन’, ‘पीपल’ यांना ‘एस’ नसतोच, पण ते अनेकवचनी आहेत; ‘आय’ आणि ‘यू’ एकटे असूनही क्रियापदाला ‘एस’ लावत नाहीत. एवढे शब्द वेगळे पाठ करून घ्या.