पेडल दाबले की व्हॉल्व्ह ॲम्प का चिरकतो?

वाचकांचे प्रश्न : गिटार आणि ध्वनियंत्रणा

प्रश्न : गेली आठ वर्षे मी गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गेल्या वर्षी मुंबईहून १५ वॅटचा, वापरलेला व्हॉल्व्ह ॲम्प आणला. त्यात दोन ईएल८४ आणि तीन १२एएक्स७ व्हॉल्व्ह आहेत, स्पीकर १२ इंची आहे. नुसता वाजवला तर आवाज फार भरीव येतो; पण डिस्टॉर्शनचे पेडल दाबले की रिकाम्या डब्यात भुंगा शिरल्यासारखे वाटते आणि खालच्या तारांचा चिखल होतो. घरच्या खोलीत जमवलेला आवाज मांडवात तर मुळीच टिकत नाही. जुन्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर हेच पेडल चांगले वाजत असे. आता पेडल बदलू, व्हॉल्व्ह बदलू, की ॲम्पच विकू? — एक वाचक, मालवण

उत्तर : यातले काहीही विकू नका आणि निदान गणपती होईपर्यंत काही विकतही घेऊ नका. आपला ॲम्प बिघडलेला नाही आणि पेडलही वाईट नाही. दोघांची अजून गाठ पडलेली नाही, एवढेच.

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, की त्याचे बटण पिळत गेल्यावर आवाज एकदम फाटत नसे. आधी तो दाटसर होई, मग घोगरा आणि मग कुठे फाटे. गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प याच स्वभावाचा असतो. ट्रान्झिस्टर ॲम्प मात्र आपल्या मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो, त्यामुळे आपल्या जुन्या ॲम्पवर आवाज फाडण्याचे काम एकटे पेडल करत होते आणि ॲम्प ते जसेच्या तसे मोठे करून ऐकवत होता. आता पेडल फाडते, पुढे ॲम्पच्या सुरुवातीचा छोटा व्हॉल्व्ह, म्हणजे पहिला १२एएक्स७, फाडतो आणि आवाज वाढवला असेल तर स्पीकरला ताकद देणारे शेवटचे दोन ईएल८४ही फाडतात. १५ वॅटच्या ॲम्पमध्ये ही शेवटची पायरी बटण अर्ध्यावर येण्याच्या सुमारासच सुरू होते. त्यातही खर्जाच्या लहरी सर्वांत मोठ्या असल्यामुळे व्हॉल्व्हला त्याच आधी मर्यादेपर्यंत नेतात, आणि वरचे सगळे स्वर त्यांच्या पाठीवर बसून हेलकावे खातात. आपण ज्याला चिखल म्हणता तो हाच. म्हणून फाडण्याचा मुख्य भार कोणी उचलायचा आणि फाडण्याआधी खर्ज किती आत जाऊ द्यायचा, हे दोन निर्णय आपल्याला घ्यायचे आहेत.

पहिल्या दिवशी पेडल बाजूला ठेवा. ॲम्पची ट्रेबल, मिडल आणि बास ही तिन्ही बटणे पाचावर ठेवली म्हणजे आवाज समतोल झाला, असा बहुतेकांचा समज असतो. अमेरिकन धाटणीच्या ॲम्पमधल्या टोन सर्किटच्या बाबतीत तो खरा नाही. तिथे सगळी बटणे मध्यावर असताना ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास चांगलाच खड्डा असतो आणि खर्ज व ट्रेबल दोन्ही फुगलेली असतात. नुसत्या गिटारला ते खुलवते, कारण त्यातूनच ती चमक येते. पण पेडलने खरखरीत केलेला आवाज त्या खड्ड्यातून गेला, की मधला गाभा नाहीसा होऊन खाली घुमणे आणि वर किरकिर तेवढी उरते. तेव्हा मिडल आठ ते दहापर्यंत न्या, ट्रेबल तीन-चारवर आणि बास दोन-तीनवर आणा. आकडे बघून बिचकू नका, कानाने ठरवा. ॲम्पला ‘ब्राइट’ बटण असेल तर ते बंद ठेवा. ते आवाज कमी असतानाच ट्रेबलला आडवाटेने पुढे सोडते आणि पेडलची सगळी खरखर तिथूनच बाहेर पडते. आपल्या ॲम्पला व्हॉल्यूम (सुरुवातीच्या व्हॉल्व्हचा) आणि मास्टर (शेवटच्या एकूण आवाजाचा) अशी दोन बटणे असतील तर व्हॉल्यूम कमी आणि मास्टर जास्त ठेवा. पिकने जोरात मारले की किंचित चावरेपणा यावा आणि हलके वाजवले की आवाज स्वच्छ राहावा, तिथे थांबा. हा आवाज पेडलशिवाय ऐकताना थोडा बसका वाटेल, ते योग्यच आहे.

दुसऱ्या दिवशी पेडल जोडा. गेनचे, म्हणजे पेडलने आवाज किती फाडायचा ते ठरवणारे, बटण घड्याळातल्या नऊच्या जागी ठेवा. लेव्हल, म्हणजे पेडलमधून बाहेर पडणारा आवाज, अशी जमवा, की पेडल चालू-बंद करताना आवाजाची पातळी सारखी राहील, आणि मग ती थोडीच वाढवा. बहुतेक वादक याच्या नेमके उलट करतात, म्हणजे गेन पूर्ण आणि लेव्हल नाममात्र ठेवतात. तसे केल्यावर फाडण्याचे सगळे काम पेडलमधले दोन छोटे डायोड (लहरींचे शेंडे छाटणारे सुटे भाग) करतात आणि ज्या व्हॉल्व्हसाठी आपण पैसे मोजले ते नुसते तापत बसतात. लेव्हल वाढवली की पेडल व्हॉल्व्हला पुढे ढकलते आणि डायोडने काढलेले धारदार कोपरे व्हॉल्व्ह आपल्या परीने गोल करतो. या गोलाईसाठीच तर व्हॉल्व्ह ॲम्प घ्यायचा.

प्रत्येक पेडलची बांधणीही ओळखावी लागते. आयबानेझ ट्यूब स्क्रीमरच्या जातीची पेडले आवाज फाडण्याआधी सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग टप्प्याटप्प्याने कमी करतात. शिवाय त्यांतले डायोड ऑप-ॲम्पच्या (आवाज वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे तिच्या आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेवर, बसवलेले असल्यामुळे मूळ स्वर फाटलेल्या स्वराच्या सोबतीने पुढे जातो. असे मधले स्वर फुगवणारे पेडल आणि मधले स्वर खोलगट असलेला ॲम्प एकमेकांची उणीव भरून काढतात. १९७८ साली आलेले बॉस डीएस-१ किंवा इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे १९६९चे बिग मफ यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांचे टोनचे बटण मध्यावर असताना त्यांच्याच आवाजात मध्ये खड्डा पडतो, आणि तो ॲम्पच्या खड्ड्यात जाऊन पडला की ढोलकी, कीबोर्ड आणि बास गिटार यांच्या गर्दीत आपली गिटार शोधूनही सापडत नाही. अशा पेडलसाठी ॲम्पचे मिडल दहावर ठेवणे चैनीचे नव्हे, गरजेचे आहे. प्रोको रॅट असेल तर एवढे लक्षात ठेवा, की त्याचे ‘फिल्टर’ बटण उजवीकडे फिरवल्यावर ट्रेबल कमी होते. ते नेहमीच्या टोन बटणासारखे समजून फिरवणारे अनेक जण उगाच वैतागतात.

आता मांडवाचे. चिऱ्याच्या भिंती आणि शहाबादी फरशी असलेल्या खोलीत आपण हळू आवाजात तासन्‌तास बसून जो आवाज जमवता, तो मांडवात बिघडणारच, आणि त्यात आपली चूक नाही. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की तेच आपोआप वर येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. घरी कमी पडतात म्हणून खर्ज आणि ट्रेबल वाढवावीत, तर रंगमंचावर दोन्ही दुप्पट उसळल्यासारखी वाटतात. त्यातून मंच पोकळ फळ्यांचा असला तर तोही खर्जाबरोबर घुमतो. ॲम्प थेट फळ्यांवर न ठेवता खुर्चीवर किंवा माशांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटवर ठेवा.

आणखी एक गोष्ट मी स्वतः फार उशिरा शिकलो. १२ इंची स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत, टॉर्चच्या झोतासारखे जातात. वादक ॲम्पजवळ उभा असतो तेव्हा तो झोत त्याच्या पोटऱ्यांवर पडतो आणि कानाला आवाज मऊ लागतो. म्हणून तो ट्रेबल वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्या माणसांचे कान किटतात. ॲम्प मागे कलता ठेवून स्पीकर आपल्या कानाकडे वळवा आणि मगच ट्रेबल ठरवा. मी सांगितलेल्या सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत गुणकारी आहे.

मांडवातला विजेचा दाबही एकदा मीटरने मोजून घ्या. लांबून ओढलेल्या एकाच वायरीवर दिवे, पंखे आणि ॲम्प असतील तर २३० व्होल्टऐवजी १९०च्या आसपास दाब मिळणे अशक्य नाही. व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेला, म्हणजे हीटरला, ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात दहा टक्के इकडेतिकडे चालते. १९०वर ते ५.२पर्यंत घसरतात. तेवढ्यावर व्हॉल्व्ह पुरेसा तापत नाही, ॲम्प लवकर फाटतो आणि खर्ज ढिला पडतो. घरी नीट वाजणारा ॲम्प मांडवात रुसण्याचे हे कारण मी कैकदा पाहिले आहे. चांगला स्टॅबिलायझर नव्या पेडलपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

व्हॉल्व्ह बदलायची हौस असेल तर फक्त पहिल्या जागेवर १२एएक्स७ऐवजी ५७५१ लावून पाहा. १२एएक्स७चा गुणक (आवाज किती पट वाढवतो तो आकडा) १०० आणि ५७५१चा ७० आहे, त्यामुळे पेडलला थोडी जास्त मोकळी जागा मिळते.

शेवटी वाजवण्याबद्दल थोडे. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाचा तिसरा स्वर तयार होतो. सा आणि प वाजवल्यास हा तिसरा स्वर त्याच सा-च्या खालच्या सप्तकातला सा असतो, म्हणून ती जोडी फाटूनही भरभक्कम राहते. गंधार मिळवला की बिघडते, कारण गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (लगतच्या दोन पडद्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा आहे आणि त्याच्या फरकाचा स्वर कशालाच जुळत नाही. भजनाच्या चालीला पूर्ण कॉर्ड द्यायचा असेल तेव्हा गिटारचे व्हॉल्यूम सहावर आणा. पेडल बंद न करताही आवाज निवळतो. हे वळण हाताला लागले, की पेडलशी आपली अर्धी भांडणे मिटतील.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की माझा व्हॉल्व्ह ॲम्प चरचरतो आणि वाजवता वाजवता आवाज अचानक बसतो. दोन वेळा सगळे व्हॉल्व्ह बदलले, तरी फरक नाही. — एक वाचक, गुहागर

उत्तर : गेल्या श्रावणात दाभोळ खाडीच्या काठावरून नेमका असाच ॲम्प माझ्या टेबलावर आला होता. त्याच्याही मालकांनी व्हॉल्व्ह बदलून पाहिले होते. ॲम्पच्या मागे इफेक्ट्स लूपचे, म्हणजे ॲम्पच्या आतल्या दोन टप्प्यांमध्ये पेडल जोडण्याच्या वाटेचे, ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक होते. तिथे काही जोडलेले नसते तेव्हा सगळा आवाज रिटर्न जॅकमधल्या एका छोट्या पत्र्याच्या पट्टीवरून पुढे जातो. त्या पट्टीवर खाऱ्या हवेने मोहरीच्या दाण्याएवढा हिरवट थर धरला होता. मी सेंडमधून रिटर्नमध्ये एक आखूड केबल लावली आणि आवाज तत्काळ पूर्ववत झाला. आपणही आधी हीच परीक्षा करा. गुण आला तर ॲम्प बंद करून, प्लग काढून, जॅकमध्ये थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि केबलचा प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर करा. ॲम्प उघडायची गरज नाही.

त्याने भागले नाही तर ॲम्प चालू ठेवून, व्हॉल्यूम मध्यम ठेवून, लाकडी पेन्सिलीच्या टोकाने प्रत्येक छोट्या व्हॉल्व्हला हळूच टिचकी मारा. ज्याच्यावर मारल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा नाद किंवा चरचर येईल, त्याचा व्हॉल्व्ह किंवा सॉकेट संशयित आहे. सॉकेटसाठी ॲम्प बंद करून, प्लग काढून, पूर्ण गार होऊ द्या, व्हॉल्व्ह अलगद हलवत काढा आणि पुन्हा बसवा. पिनांवरचा थर त्यानेच बराच खरवडला जातो. चॅसी, म्हणजे आतल्या सर्किटची धातूची पेटी, मात्र स्वतः उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो टिकून राहू शकतो. एवढ्या दाबाने माणूस दगावू शकतो.

पावसाळ्यात ॲम्प प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, ओल आत कोंडते. सुती चादर टाका आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवा. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने तो सुकतो. चालू करताना स्पीकरची वायर जोडलेली असल्याची खात्री करून घ्या, कारण स्पीकरविना चाललेल्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

प्रश्न : ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ आणि डिले कोणत्या क्रमाने लावावीत? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : जुन्या फझ फेसच्या जातीचे पेडल असेल तर गिटारला लागून पहिले ते, कारण त्याला थेट पिकअपची संगत लागते, मध्ये बफर (गिटार आणि पेडल यांना वेगळे करणारे सर्किट) आला की ते किरटे वाजते. त्यानंतर ओव्हरड्राइव्ह, मग डिस्टॉर्शन. ओव्हरड्राइव्हचा गेन शून्याजवळ आणि लेव्हल जास्त ठेवून ते डिस्टॉर्शनच्या आधी दाबले, की खर्ज आवरला जातो आणि सोलो पुढे येतो. ही तिन्ही ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्येच जोडा, लूपमध्ये नको. डिले मात्र ॲम्पला लूप असेल तर तिथे लावा; नाहीतर प्रत्येक पडसाद ॲम्पमध्ये पुन्हा फाटून निघेल आणि शब्दावर शब्द चढल्यासारखे होईल.