पहिल्यांदाच उन्हाळी फेस्टिव्हलमध्ये बँडचे फोटो काढायचे आहेत. काय तयारी करू?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीत शिकताय, विद्यापीठाच्या मासिकामुळे एका छोट्या ओपन एअर रॉक फेस्टिव्हलचा फोटो पास मिळालाय, आजवर फक्त सहलींचे आणि लग्नांचे फोटो काढलेत, आणि आता पोटात गोळा आलाय. मी मूळची पुण्याची, हॅम्बुर्गमध्ये नोकरी करते आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार अशाच चिखलात घालवते. त्यामुळे जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते लिहिते.

पासासोबत आलेली ईमेल नीट वाचा. बहुतेक ठिकाणी नियम एकच असतो: पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद. तीन गाण्यांनंतर स्टेज आणि बॅरिकेड यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीतून, म्हणजे फोटो पिटमधून, तुम्हाला बाहेर काढतात. जर्मन लोक तिला 'ग्राबेन' म्हणतात, म्हणजे खंदक, आणि नाव अगदी योग्य आहे. आता तीन गाणी म्हणजे किती वेळ? पंक बँड असेल तर सहा मिनिटांत खेळ खलास. डूम मेटलवाले असतील तर तीन गाणी म्हणजे विलंबित ख्यालच, निवांत अर्धा तास. म्हणून कोणता बँड कधी आहे ते आधी बघा आणि त्यांच्या अलीकडच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ पाहा. पूर्ण नको, पहिली तीन गाणीच. गायक माईक कोणत्या हातात धरतो, उडी कोण मारतो, कुठल्या ओळीला मारतो, एवढं टिपून ठेवा. एकाच दौऱ्यात बँड सहसा गाण्यांचा क्रम फारसा बदलत नाहीत.

माझा पहिला फेस्टिव्हल हॅम्बुर्गच्या उत्तरेला एका शेतात होता. पहिल्या बँडचे ४१२ फोटो काढले, त्यातले चार ठेवण्यासारखे निघाले. काही हललेले, काहींत गायकाच्या तोंडाऐवजी माईक फोकसमध्ये, आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्यांत चेहऱ्याच्या जागी केस. नुसते केस. तो बँड संपल्यावर ते फोटो एकामागून एक बघताना चूक कळली, आणि ती कॅमेऱ्याची नव्हती.

मी ठेक्यावर बटण दाबत होते. लहानपणापासून बाबांबरोबर सवाईला जायचे, तिथे समेवर मान हलवायची सवय अंगात भिनलेली. ढोल वाजला की बोट आपोआप खाली. पण मेटलवाले मान झटकतात तेव्हा डोकं ठेक्यावर खाली जातं आणि केस चेहऱ्यावर पडतात. चेहरा दिसतो तो दोन ठेक्यांच्या मधे, डोकं वर येताना, केस हवेत असताना. म्हणजे आपल्या भाषेत, टाळीला दाबायचं नाही, खालीला दाबायचं. दुसऱ्या बँडपासून मी मनातल्या मनात ताल मोजायला लागले आणि पायाने ठेका धरून बोटाने उलट्या मात्रेवर दाबायला लागले. शेजारचा फोटोग्राफर बघत होता, बघू दे.

उडीचंही तसंच. गिटारवाला उडी मारतो ती समेवर जमिनीवर येण्यासाठी. तो हवेत सर्वात उंच असतो तेव्हा सम अजून यायची असते. गायकाची किंकाळी सुरू झाल्यावर दाबलंत तर उशीर झाला. श्वास घेताना छाती भरते, मान मागे जाते, तिथून तयार राहा. सलग फोटो काढणारा मोड लावून बोट दाबून धरणं हा यावर उपाय नाही. तीन-चारचा छोटा झटका पुरे, नाहीतर रात्री दोन हजार फोटो चाळत बसाल.

सराव कुठे करायचा? तुमच्या शहरात किंवा जवळपास मराठी मंडळाचं ढोल पथक असेल तर त्यांच्या तालमी आत्ताच सुरू होत असतील. तिथे जा. एकाच वेळी हवेत गेलेले पंधरा हात आणि टोलाच्या आधीचा तो क्षण पकडता आला, तर बँडचं फारसं अवघड नाही. शिवाय वडापाव मिळेल.

आता कॅमेरा. सगळं मॅन्युअलवर ठेवा. स्टेजमागे मोठा एलईडी पडदा असेल तर कॅमेरा त्यालाच उजेड समजतो आणि माणसं काळी करतो. दुपारच्या बँडला शटरचा वेग साधारण १/५०० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, २०० ते ४०० पुरतं. रात्री १/२५० च्या खाली जाऊ नका, लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, जितकं उघडेल तितकं उघडा आणि आयएसओ ३२०० किंवा ६४०० करायला घाबरू नका. दाणे आलेला फोटो छापता येतो, हललेला येत नाही. किटबरोबर आलेल्या लेन्सने रात्री निभणार नाही. ५० मिलिमीटर एफ १.८ ही मोठ्या छिद्राची लेन्स बऱ्याच कंपन्यांची स्वस्तात, वापरलेली तर आणखी स्वस्तात मिळते. ती एक घ्या, भाड्याने ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स मिळाली तर दुधात साखर.

मिररलेस कॅमेरा असेल तर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. स्टेजवरचे एलईडी दिवे मंद करायचे असतात तेव्हा ते प्रत्यक्षात फार वेगाने चालू-बंद होत असतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र एकेका ओळीने वाचतं आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते धड जात नाहीत. मेकॅनिकल शटरनेही कधीकधी येतात, मग शटरचा वेग थोडा कमी करून बघा.

लाल दिवा हा आपला खरा शत्रू. संपूर्ण स्टेज लाल असेल तर कॅमेऱ्याचा फक्त लाल चॅनेल भरून वाहतो आणि चेहरा टोमॅटोच्या चकतीसारखा सपाट होतो. पडद्यावर सगळं ठीक वाटतं, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल-हिरवा-निळा असा वेगळा दाखवायला लावा. अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी उजेडात काढा, रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्येच काढा, आणि तरीही जमलं नाही तर कृष्णधवल करून टाका. बऱ्याच फोटोग्राफरांच्या 'कलात्मक' कृष्णधवल फोटोंमागे लाल दिवाच असतो, हे कोणी कबूल करत नाही.

इथली एक गोष्ट मात्र आपल्याकडे नाही: संध्याकाळ. पुण्यात सूर्य बुडाला की बघता बघता अंधार होतो. इथे उत्तर जर्मनीत जुलैअखेर सूर्य साधारण सव्वानऊ-साडेनऊला मावळतो आणि त्यानंतरही पाऊण तास आकाश निळं राहतं. स्टेजचे दिवे जाणवायला लागलेले असतात, पण आकाश अजून काळं झालेलं नसतं. त्या वेळेला कोणता बँड आहे हे वेळापत्रकात आधीच हुडकून ठेवा. मुख्य बँडपेक्षा मला त्याच्या आधीचा बँड जास्त प्रिय असतो तो यामुळेच.

कानात बोळे घाला. पिटमध्ये बऱ्याचदा बासचे स्पीकर अगदी तुमच्या कमरेपाशी असतात. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या हिशोबाने फक्त १५ मिनिटं आहे, आणि तुम्ही दिवसात सहा-सात बँड करणार. मी पहिल्या दिवशी घातले नव्हते, सोमवारी ऑफिसात दिवसभर कानात शिट्टी वाजत होती.

पिटमधले शिष्टाचार कुठे लिहिलेले नसतात. पाठपिशवी बाहेर ठेवा. कॅमेरा डोक्यावर धरून दुसऱ्याच्या चौकटीत घुसू नका. एक जागा अडवून बसू नका, दहा-बारा फोटो झाले की सरका, आणि सरकताना वाका. मी पाच फूट दोन इंच, मला वाकायलाही लागत नाही. त्या एका बाबतीत देव पावला. स्टेज फार उंच असेल तर अगदी पुढून नुसत्या नाकपुड्या येतात, तेव्हा बॅरिकेडला पाठ टेकवून उभं राहा. गायक माईक उजव्या हातात धरत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला जा, म्हणजे तोंड झाकलं जात नाही. आणि दर मिनिटाला एकदा मागे वळून बघा. गर्दीच्या डोक्यांवरून तरंगत येणारी माणसं सिक्युरिटीवाले तुमच्या शेजारीच उतरवून घेतात, आणि त्यांचे बूट कधी लेन्सवर, कधी डोक्यावर येतात. सिक्युरिटीवाल्यांशी सुरुवातीलाच हसून दोन शब्द बोला. पुढे आगीच्या ज्वाळा कुठून निघणार हे तेच सांगतात.

पाऊस धरूनच चाला. वाकन या उत्तर जर्मनीतल्या प्रसिद्ध मेटल फेस्टिव्हलचं नाव ऐकलं असेलच. १९९० साली तिथे एका खडीच्या खाणीत शे-पाचशे नव्हे, आठशेच्या आसपास लोक जमले होते, आता दोनेक हजार वस्तीच्या त्या गावात ८५ हजार येतात. २०२३ मध्ये पावसाने शेतांचा असा राडा केला की नव्या लोकांना आत घेणंच थांबवलं आणि तिकीट असलेले हजारो लोक वाटेतून परत गेले. मी तिथे एकदा तिकिटाने आणि एकदा पासाने गेले आहे, दोन्ही वेळा भातलावणीला गेल्यासारखी परतले. गमबूट, हॉटेलात मिळते ती आंघोळीची प्लास्टिक टोपी कॅमेऱ्यासाठी, दोन रबरबँड आणि एक कोरडा पंचा. पंचा सुती हवा, टॉवेल नको. बॅटऱ्या दोन जास्तीच्या, कार्डंही दोन, आणि भरलेलं कार्ड पँटच्या पुढच्या खिशात.

काही बँड पिटमध्ये जाण्याआधी कागदावर सही मागतात. त्यात फोटोंचे सगळे हक्क बँडला, असं असेल तर मी सही करत नाही आणि तो बँड सोडून देते. तुमचा पहिला फेस्टिव्हल आहे, तुम्हाला सोडवणार नाही, पण वाचून तरी करा. प्रेक्षकांचे फोटो काढताना इथे जरा जपून. गर्दीचं दृश्य चालतं, पण एकाच माणसाचा जवळून चेहरा छापायचा तर विचारायचं. मी कॅमेरा दाखवून भुवया उंचावते, बहुतेक जण लगेच जीभ बाहेर काढतात.

राहिला ड्रमर. तो मागे, उंचावर, झांजांच्या आड बसलेला असतो आणि पिटमधून बहुधा दिसतच नाही. दोन गाणी गायक-गिटारवाल्यांना द्या, तिसऱ्या गाण्याला पिटच्या अगदी टोकाला जा आणि दोन झांजांमधली फट शोधा. तिथेही ठेका उलटाच: काठी वर गेलेली असताना. पहिल्या बँडचे माझे जे चार फोटो वाचले त्यातला एक असाच, चुकून, लेन्स बदलताना मिळालेला. बँडला पाठवला, तर ड्रमरचं उत्तर आलं की मोठी फाईल मिळेल का, आईला फ्रेम करून द्यायचीय. नऊ वर्षं वाजवतोय, म्हणाला, आणि घरात दाखवायला एकही फोटो नाही.