आठ्यांसाठी बोटॉक्स घेतल्यावर काय होतं? लोक काय म्हणतात?

म्हापशाच्या ताईंनी विचारलंय: वय ४६, दोन भुवयांमध्ये उभ्या आठ्या, डिसेंबरात भाच्याचं लग्न, बोटॉक्स घेतलं तर काय होतं, दुखतं का आणि लोक काय म्हणतील?

दुखण्याचं आधी सांगते. मुंगी चावते तेवढं. लोकांचं बोलणं मात्र जास्त दुखतं, म्हणून हे लिहितेय.

मी फोंड्याला हायस्कुलात शिकवते. वर्गात पाऊल टाकलं की पहिल्या बाकावरची मुलं विचारायची, "टीचर, रागावल्यात?" मी रागावलेली नसायचेच. ती आठी वर्षानुवर्षं कपाळावर ठाण मांडून बसली होती. शेवटी पणजीला त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. त्यांनी मला मुद्दाम कपाळाला आठ्या घालायला लावल्या, पेन्सिलीनं खुणा केल्या, फ्रीजमधली बोटॉक्सची कुपी काढून त्यातली पूड माझ्यासमोर सलाइनमध्ये मिसळली आणि बारीक सुईनं पाच ठिकाणी टोचलं. भुवयांमधल्या जागेला साधारण २० युनिट लागतात. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप या औषधानं तिथं अडतो. स्नायू आवळत नाही, म्हणून वरच्या कातडीला घडी पडत नाही.

त्यानंतर चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. आपल्याकडे जेवून दुपारी पाठ टेकायची सवय, तेव्हा वेळ संध्याकाळची घ्या.

पुढे चतुर्थीला सगळं घर जमलं. गणपतीवर टांगायच्या माटोळीला कांगलांसारखी रानफळं, नारळ, सुपारीचे घोस बांधणं चाललं होतं आणि तिथंच, चार माणसांदेखत, वन्सं म्हणाल्या, "तोंडात विष टोचून घेतलंस म्हणे? आमच्या घराण्यात असले थेर कोणी केले नाहीत." सणाचा दिवस, मी गप्प राहिले. वन्सं दर महिन्याला केस काळे करतात. त्याला कोणी थेर म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग माझ्या आठीचाच पंचनामा का?

आणि विष म्हणाल तर आहेच. खराब झालेल्या डबाबंद अन्नात वाढणाऱ्या जंतूचंच ते. पण अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप आवळतात त्या विकारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ साली. अर्धांगानंतर हात आवळून राहतो, तोही सैल करायला हेच औषध देतात. तेव्हा कोणी घराणं काढत नाही.

तुमच्या लग्नाचं म्हणाल तर दोन दिवस आधी टोचून घेऊ नका. पहिले तीन-चार दिवस फारसं काही दिसत नाही. पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागतात. महिनाभर आधी गेलात तर एक भुवई वर राहिली तरी दुरुस्तीला वेळ मिळतो. तीन-चार महिन्यांनी आठ्या परत येतात. चेहरा स्थिर असतानाही दिसणारी खोल रेघ फिकी होते, पुसली जात नाही. गाल भरून येतील अशी आशा धरू नका, ते काम फिलरचं, म्हणजे कातडीखाली भरायच्या जेलच्या इंजेक्शनचं.

ब्यूटी पार्लरमध्ये कोणी स्वस्तात टोचून देतो म्हणालं तर उठून घरी या. औषध जरा इकडे-तिकडे गेलं की पापणी खाली येते. काही आठवड्यांत ती आपोआप वर येते, पण लग्नाचे फोटो तसेच राहतात. डोकं दुखणं, टोचलेल्या जागी निळसर डाग पडणं हे होतंच कोणाकोणाला. गर्भार असाल, बाळाला पाजत असाल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर हे घ्यायचंच नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मनानं बंद करू नका.

नवऱ्याला विचारावं का, असं पुढं कोणीतरी विचारेलच. मी सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. वन्संना तर सांगितलंही नव्हतं.