बक्षिसाचा शिरपेच आणि दुबईचं विमान

प्रश्न : आजोबा बडोदा संस्थानात दरबारी चाकरीत होते. 1921 साली त्यांना पाचू-हिऱ्यांचा शिरपेच मिळाला. सोबतची मोडीतली चिठ्ठी आमच्याकडे आहे. आजोबा 1971 मध्ये वारले, आजी त्यांच्या आधीच गेली होती. वडील 2009 मध्ये गेले. मृत्युपत्र कोणाचंच नाही. घरात आई, मी आणि बहीण. एक आत्या कोल्हापूरला असते. शिरपेच आईच्या नावच्या लॉकरमध्ये आहे. एक दलाल म्हणतो, "इथे सोन्याचा भाव मिळेल, लंडनच्या लिलावात पाचपट. बहिणीच्या गळ्यात पदक म्हणून घालून दुबईपर्यंत न्या, पुढचं मी बघतो." बहिणीला पैशांची निकड आहे. काय करावं?

उत्तर : शिरपेच लॉकरमध्येच राहू द्या. दलालाच्या हाती तर देऊच नका, 'फक्त किंमत काढून आणतो' म्हणाला तरी.

पुरावस्तू आणि कलामूल्य वस्तू कायदा 1972 सालचा, लागू झाला 1976 मध्ये. शंभर वर्षांहून जुना, कलाकुसरीचा किंवा ऐतिहासिक महत्त्वाचा दागिना पुरावस्तू ठरतो, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेला आहे. मालक तुम्ही असलात तरी हेच. गळ्यात घातल्यानं पुरावस्तूचं पदक होत नाही. शिक्षा सहा महिन्यांपेक्षा कमी नाही, तीन वर्षांपर्यंत, वर दंड. कस्टम्स दागिना जप्त करील ते वेगळंच. विमानतळावर पकडली जाईल ती तुमची बहीण, दलाल नव्हे.

तुम्ही विचाराल, मग राजेरजवाड्यांचे दागिने परदेशात विकले जातात ते कसे? त्यातले बरेच फार पूर्वीच बाहेर गेलेले आहेत. होळकरांचे हिरे पॅरिसच्या जवाहिऱ्यांकडे गेले, पुढे अमेरिकेत विकले गेले. 2019 मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजनं महाराजांच्या आणि मुघलांच्या वस्तूंचा मोठा लिलाव केला, सुमारे 10.9 कोटी डॉलरचा. तो संग्रह कतारच्या अल थानी घराण्यातला होता. त्या बाजाराचा भाव इथून चोरून नेलेल्या वस्तूला लावणं म्हणजे निव्वळ भूल आहे.

देशात राहिलेल्या दागिन्यांचं उदाहरण निजामाचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1995 मध्ये केंद्र सरकारनं 173 नग सुमारे 218 कोटींना घेतले. बाहेरच्या बाजारात याहून कितीतरी जास्त आले असते, पण दागिने इथे राहिले. 2025 च्या एप्रिलमध्ये रघूजीराजे भोसल्यांची तलवार लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र सरकारला मध्यस्थामार्फत 47.15 लाख रुपये मोजून ती सोडवावी लागली. ती मुंबईत आली तेव्हा मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. तुमचा शिरपेच अजून इथेच आहे.

आता खरा गुंता : तो तुमचा आहे का? लॉकर आईच्या नावावर असल्यानं मालकी आईची होत नाही. आजोबांना स्वतःला मिळालेलं बक्षीस ही त्यांची स्वतंत्र मालमत्ता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर ते मृत्युपत्र न करता गेले, म्हणून मुलाइतकाच मुलीचाही वाटा. निम्मा शिरपेच आत्याबाईंचा. वडिलांच्या निम्म्यात आई, तुम्ही आणि बहीण सारखे, म्हणजे प्रत्येकी सहावा हिस्सा. आत्याबाईंच्या सहीशिवाय केलेली विक्री टिकणार नाही, आणि एका बाईला इतकी वर्षं कोणी विचारलं नाही हेही मला खटकतं.

या सगळ्याच्या मुळाशी ती चिठ्ठी आहे. संस्थानचे दागिने कधी समारंभापुरते वापरायला मिळत आणि पुन्हा जामदारखान्यात, म्हणजे संस्थानच्या खजिन्यात, जमा करावे लागत. म्हणून चिठ्ठीत शब्द 'बक्षीस' आहे की नुसता 'दिला', हे मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून, त्याच्या सहीनिशी घ्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शिरपेचाच्या पाठीवर मीनाकारी दिसते, एका कोपऱ्यात टवका उडालेला, आणि पागोट्याला बांधायच्या दोऱ्याच्या कड्या शाबूत आहेत. सराफाकडे पॉलिशला किंवा 'पदक करायला' देऊ नका. खडे सुटे झाले की उरेल तो सोन्याचाच भाव.

मग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे जा. वस्तू पुरावस्तू आहे की नाही यावर वाद झाला, तर खात्याच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम असतो. या दागिन्याला नोंदणी सक्तीची आहे का, तेही तिथेच लेखी विचारा.

विकायचाच असेल तर भारतातल्या भारतात विका. मुंबईत असे लिलाव होतात. वस्तू देशाबाहेर जाणार नाही असं सूचीतच छापलेलं असतं. पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तो आधी बघा. दलालाला हा एकच प्रश्न विचारलात तरी तो बहुधा पुन्हा फोन करणार नाही. संग्रहालयालाही विचारा. पैसे बँकेतूनच घ्या, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख चालत नाही. भांडवली नफ्यावर कर लागेल. त्यासाठी 1 एप्रिल 2001 ची किंमत नोंदणीकृत मूल्यमापकाकडून काढून ठेवा.

बहिणीची निकड खरी असेल, पण या वाटेनं काही महिने तरी जातील. तोवर तिच्यासाठी पैसे दुसरीकडून उभे करा. आणि या रविवारी चिठ्ठीची प्रत घेऊन कोल्हापूरला जा. आत्याबाईंना आजोबांच्या पागोट्यावरचा तो शिरपेच आठवत असेल, तर त्या सांगतील ते लिहून, तारीख घालून, त्यांची सही घ्या.