उन्हाळ्यात जुनी लक्षणं परत आली, म्हणजे नसेचं आवरण पुन्हा गेलं का?

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवरच्या आवरणावर हल्ला करते. तो असलेल्यांच्या घरून हा प्रश्न एप्रिल-मे मध्ये हमखास येतो. इथे घेतलेली रुग्ण ३१ वर्षांची, नागपुरातल्या एका शाळेत गणित शिकवणारी. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ऑक्टोबरात तिच्या उजव्या डोळ्याची नजर चार-पाच दिवसांत धूसर झाली. डोळा फिरवला की दुखायचं. एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी होऊन निदान झालं. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज १ ग्रॅम, असे ५ दिवस शिरेतून दिले. पुढच्या दीड-दोन महिन्यांत नजर ६/६ झाली आणि पुढचा झटका टाळणारी गोळी सुरू झाली. मग मे मध्ये भर दुपारी धंतोलीहून स्कूटीने परतताना त्याच डोळ्यापुढे धुकं आलं, पाय जड पडले. कूलरसमोर पाऊण तास पडल्यावर सगळं निवळलं, पण घर हादरलं.

सासूबाईंचा प्रश्न सरळ होता: "पोरगी बरी झाली होती ना बाप्पा, मग आता काऊन असं होऊन राहिलं?" नवरा विजेच्या कामातला. तो म्हणाला, वायरचं इन्सुलेशन गेलं तर आम्ही टेप मारतो, डोक्यात कोण मारणार? तिला स्वतःला मात्र शेजारचे काका खुपत होते. जीबीएस म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजारात ते व्हेंटिलेटरपर्यंत गेले होते, आता रोज फिरायला जातात. मग माझंच असं का?

अशा वेळी "काळजी करू नका" म्हणून काही साधत नाही. शरीर दुरुस्ती करतं, पण कशी आणि किती, हे सांगावं लागतं.

टेप मारणारे आहेत, त्यांना ग्लिया पेशी म्हणतात. मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांत मायलिनचं आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट गुंडाळतात. अशी एक पेशी नसांच्या तंतूंच्या ४०-५० तुकड्यांना आवरण देऊ शकते, म्हणून एक गेली की अनेक तंतू उघडे पडतात. झटक्यानंतर आधी मायक्रोग्लिया येऊन तुटलेल्या मायलिनचा कचरा खातात. हा कचरा पडून राहिला तर नव्या पेशी अर्धवट वयातच अडकतात. जागा साफ झाली की प्रौढ मेंदूतही राखीव असलेल्या पूर्वज पेशी तिथे सरकतात, वाढतात आणि नवं आवरण चढवतात. याला आठवडे ते महिने लागतात, आणि वय वाढतं तसा वेग मंदावतो.

काकांचा आजार हातापायांच्या नसांचा. तिथे काम श्वान पेशींचं. एक पेशी एकाच तुकड्याला जपते, गरज पडली की स्वतः कचराही साफ करते आणि पुन्हा गुंडाळते. शिवाय जीबीएसचा हल्ला बहुतेकांना एकदाच होतो, एमएसचा परत परत होऊ शकतो. काकांच्या नसांचा आतला तंतू शाबूत राहिला हेही त्यांचं नशीब. तो तुटला असता तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढावा लागला असता. दोघांची तुलनाच होत नाही.

आता उन्हाचं. नवं आवरण मूळच्यापेक्षा पातळ असतं आणि त्याचे तुकडे आखूड असतात. थंड असताना संदेश कसाबसा पार होतो. अंग तापलं की नसेवरच्या सोडियमच्या वाटा लवकर बंद होतात, आवरणाच्या दोन तुकड्यांमधल्या पुढच्या फटीपर्यंत पुरेसा विद्युतभार पोहोचत नाही आणि संदेश मध्येच थांबतो. शरीराचं तापमान अर्धा अंश सेल्सिअसने वाढलं तरी पुरतं. विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० मध्ये नोंदवलं होतं. अंग निवलं की संदेश पूर्ववत जातो, नवी इजा झालेली नसते. डोळ्याचा संदेश मेंदूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या तिच्या व्हीईपी चाचणीतही हेच दिसलं: झटक्यानंतर १२८ मिलिसेकंद, मे मध्ये १२२. सर्वसाधारण आकडा १०० च्या आसपास असतो. म्हणजे नजर ६/६ असूनही संदेश उशिराच पोचतो आहे, पण बिघाड वाढलेला नाही. न्यूरॉलॉजिस्टनी स्टिरॉइड दिलं नाही ते म्हणूनच.

घरी काय करायचं? त्रास सुरू झाला की गाडी थांबवून सावलीत बसायचं, थंड पाणी प्यायचं, वेळ लिहून ठेवायची आणि ताप मोजायचा. तास-दोन तासांत उतरलं तर ते उन्हाचं. थंड खोलीत बसूनही आणि ताप नसतानाही त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकला, तर तो नवा झटका धरून डॉक्टरांना कळवायचं. डोळा दुखून नजर जाणं, लघवी अडणं, पाय उचलेनासा होणं यांसाठी मात्र २४ तास थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

निघण्याआधी दोन पेले माठातलं गार पाणी, ओला दुपट्टा मानेवर, बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत. वाळ्याचा कूलर मे मधल्या कोरड्या हवेत उत्तम, पण जूनमध्ये पाऊस लागला की तो नुसता दमटपणा वाढवतो. तेव्हा पंखा आणि ओलं कापड, किंवा एसी. बधिर त्वचेवर थेट बर्फ नको, चटका कळत नाही.

इथे एक गोष्ट वारंवार बिघडते. लघवी रोखवत नाही म्हणून बायका शाळेत पाणीच पीत नाहीत. मग लघवीचा संसर्ग, ताप, आणि सगळी जुनी लक्षणं एकदम. हाही नवा झटका नव्हे. संसर्ग न तपासता स्टिरॉइड घेतलं तर तो आणखी बळावू शकतो.

सासूबाई तूप-बदाम वाढवत होत्या. मायलिनच्या कोरड्या वजनात सुमारे ७०% स्निग्धांश असतो हे खरं, पण मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो, ताटातलं तिथे पोचत नाही. बी-१२ रक्तात कमी असेल तर जरूर घ्यावं, त्याच्या कमतरतेनेही मायलिन झिजतं. पातळी ठीक असताना इंजेक्शनांनी आवरण जाड होत नाही.

तिची गोळी बंद करायची तयारी झाली होती, "चालू असूनही त्रास झालाच" म्हणून. ही गोळी दुरुस्तीची नाहीच. ती नवा हल्ला अडवते, म्हणजे ग्लिया पेशींना कामाला उसंत मिळते. दुरुस्ती घडवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. नवऱ्याने मोबाइलवर क्लेमास्टिन हे अॅलर्जीचं जुनं औषध शोधून काढलं होतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० रुग्णांच्या चाचणीत त्याने व्हीईपी जेमतेम १.७ मिलिसेकंदांनी सुधारलं. नंतरच्या एका चाचणीत काही रुग्णांचं अपंगत्व वेगाने वाढल्याने त्याचा गट थांबवावा लागला. गुंगी येते ती वेगळीच, आणि हिला रोज स्कूटी चालवायची असते. ते दुकानातून आणायचं नाही असं घरात ठरलं, गोळी चालू राहिली.