पिल्लाची पहिली दिवाळी

भाऊ, कुत्र्याचं पिल्लू आणलंत, छान केलंत. पण जळगावचं ऑक्टोबरचं ऊन हलकं समजू नका. फिरायला नेण्याआधी हाताची पालथी बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही, तर त्याचे पंजेही भाजतील.

मला फटाक्यांपेक्षा फराळाची धास्ती जास्त. चिवड्यातले मनुके, तळलेला कांदा, चॉकलेट, तिन्ही कुत्र्याला विषारी. आमच्या मोतीनं एकदा भाऊबीजेसाठी आणलेला चॉकलेटचा डबा पलंगाखालून ओढून फोडला. रात्रभर उलट्या, पहाटे सलाईन. डोळे मिटून पडलेला तो जीव आजही आठवतो. तेव्हापासून भेटवस्तू कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि बहिणीला साडीच.

फटाक्यांच्या वेळी आतली खोली, बंद खिडक्या, मोठा पंखा आणि त्याची गोधडी. एकटं सोडू नका.

लसी पूर्ण झाल्यावर तोरणमाळला खुशाल न्या. घाटात गाडी लागते, म्हणून निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका. पाटणादेवीला मात्र नको, ते गौताळा अभयारण्यात येतं. घरी आल्यावर कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा, दिवा जवळ धरून.