हिरडा : चावून, वाटून की उकडून?

प्रश्न : घरात बाळहिरडा आणि मोठा पिवळा हिरडा असे दोन्ही आहेत. दोन्ही एकच का? ते कसे घ्यावेत?

उत्तर : दोन्ही एकाच झाडाची फळे आहेत. आठळी धरण्यापूर्वी गळालेले कोवळे फळ वाळले की काळे, सुरकुतलेले होते; तोच बाळहिरडा. पूर्ण पिकलेला तो सुरवारी हिरडा : पिवळसर तपकिरी, अंगावर उभ्या कडा, आत टणक आठळी. औषधात आठळी टाकून फक्त साल घेतात.

घेण्याच्या रीतीने गुण बदलतो, आणि मला या फळाची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात म्हटल्याप्रमाणे चावून खाल्लेला हिरडा भूक वाढवतो, वाटलेला कोठा साफ करतो, तर उकडलेला उलट मळ बांधतो. त्यामुळे बद्धकोष्ठासाठी चूर्ण घेणे योग्य. ऋतूनुसार अनुपानही, म्हणजे हिरड्याबरोबर घ्यायचा पदार्थही, वेगळे सांगितले आहे : वर्षेत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. चवीला तो प्रथम तुरट लागतो, जीभ आक्रसते, आणि नंतर पाणी प्यायले की गोडसर वाटते. खारट सोडून पाचही रस त्यात आहेत, असे शास्त्र मानते.

गर्भवतीने, अतिशय अशक्त किंवा उपवासाने क्षीण झालेल्या माणसाने तो घेऊ नये. तान्ह्या बाळाला उगाळून देण्याआधी वैद्यांना अवश्य विचारावे, आणि बद्धकोष्ठ अनेक आठवडे टिकले किंवा शौचातून रक्त गेले तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करून घ्यावी.